एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, मग शाळेत संगीताला पैसे का नाहीत?

प्रश्न एका ताईंचा आहे. त्यांनी दोन वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियाच्या बे एरियात घर घेतलं, वर्षाला १८ हजार डॉलर प्रॉपर्टी टॅक्स जातो, मुलगी चौथीत आहे. फेब्रुवारीत शाळेचं पत्र आलं की पुढच्या वर्षी संगीत शिक्षिकेची जागा राहणार नाही. त्याच आठवड्यात शाळेच्या फाउंडेशनने, म्हणजे शाळेसाठी देणग्या जमवणाऱ्या संस्थेने, प्रत्येक कुटुंबाकडे ७५० डॉलरची देणगी मागितली. आणि त्याच डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, मिडल स्कूलमध्ये नवी कोरी जिम उभी राहते आहे. त्या विचारतात, "राज्य म्हणतं शिक्षणावर विक्रमी खर्च होतोय. मग पैसा जातो कुठे? आणि देणगी द्यायची की नाही?"

मी कॅलिफोर्नियातल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या बिझनेस ऑफिसात एकवीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ बजेट बसवण्यात. हा प्रश्न मला किराणा दुकानात, मंडळाच्या गणपतीत, मुलांच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, सगळीकडे विचारला गेला आहे. उत्तर लांब आहे. पण ते एकदा नीट कळलं की डिस्ट्रिक्टच्या निवडून आलेल्या बोर्डाच्या मीटिंगला जाऊन काय विचारायचं हेही आपोआप कळतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या १८ हजारांचं बघू. कॅलिफोर्नियात १९७८ साली प्रपोझिशन १३ मंजूर झालं (प्रपोझिशन म्हणजे थेट मतदारांसमोर ठेवलेला प्रस्ताव). तेव्हापासून मूळ प्रॉपर्टी टॅक्स घराच्या नोंदलेल्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधलेला आहे, आणि ती नोंदलेली किंमत घर विकलं जाईपर्यंत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनी वाढते. म्हणून तुमच्या शेजारी १९८५ पासून राहणारे आजी-आजोबा तुमच्याच आकाराच्या घरावर तुमच्या टॅक्सचा लहानसा हिस्साच भरत असतील. हा १ टक्का फक्त शाळेचा नसतो. काउंटी (म्हणजे जिल्हा), शहर, कम्युनिटी कॉलेज, अग्निशमन वगैरे विशेष डिस्ट्रिक्ट आणि तुमची शाळा, सगळे त्यात वाटेकरी. कोणाला किती हे १९७९ च्या एका कायद्याने ठरवलं, आणि ते प्रमाण आजही बऱ्याच अंशी तेव्हाच्याच वाट्यांवर उभं आहे.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढचं सहसा माहीत नसतं. तुमच्या डिस्ट्रिक्टला किती पैसे मिळायचे ते राज्याच्या सूत्राने ठरतं. समजा सूत्र म्हणालं की या डिस्ट्रिक्टचा हक्क १० कोटी डॉलरचा. त्यातले ६ कोटी स्थानिक प्रॉपर्टी टॅक्समधून आले, तर उरलेले ४ कोटी राज्य घालतं. पुढच्या वर्षी तुमच्यासारख्या शेकडो कुटुंबांनी महाग घरं घेतली आणि स्थानिक टॅक्स ६ कोटी २० लाख झाला, तर राज्य ३ कोटी ८० लाखच घालेल. बेरीज तीच, १० कोटी. तुम्ही जास्त भरलेल्या टॅक्सने तुमच्या शाळेचं काही वाढत नाही, राज्याच्या तिजोरीवरचा भार तेवढा हलका होतो. लोकांना हे पटायला फार वेळ लागतो, कारण आपल्या मनात "मी भरतो, माझी शाळा चालते" असं सरळ गणित असतं.

याला अपवाद आहेत. काही डिस्ट्रिक्टमध्ये स्थानिक टॅक्सच सूत्राच्या आकड्याच्या वर जातो, आणि वरचा पैसा त्यांच्याकडेच राहतो. यांना 'बेसिक एड' डिस्ट्रिक्ट म्हणतात, कारण कॅलिफोर्नियाच्या घटनेनुसार दर विद्यार्थ्यामागे जे १२० डॉलर किमान द्यावे लागतात, एवढीच काय ती मूळ मदत त्यांना मिळत असे. पालो आल्टो हे ठळक उदाहरण. तिथलं सगळं गणित वेगळं चालतं, म्हणून आपलं डिस्ट्रिक्ट बेसिक एड आहे का, हा तुमचा पहिला प्रश्न असायला हवा. मी पुढे लिहिते ते बाकीच्यांबद्दल, म्हणजे राज्यातल्या बहुसंख्य डिस्ट्रिक्टबद्दल.

ही व्यवस्था अशी का झाली हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण तिच्यामागे एक न्याय्य लढा आहे. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात शाळा खरंच मुख्यतः स्थानिक टॅक्सवर चालायच्या. १९६८-६९ साली बेव्हर्ली हिल्स दर विद्यार्थ्यामागे १,२३१ डॉलर खर्च करत होतं आणि त्याच लॉस एंजेलिस काउंटीतलं बाल्डविन पार्क ५७७. आता टॅक्सचा दर बघा. बाल्डविन पार्कचे लोक दर शंभर डॉलरच्या नोंदलेल्या मालमत्तेवर ५ डॉलर ४८ सेंट भरत होते, बेव्हर्ली हिल्सचे २ डॉलर ३८ सेंट. म्हणजे गरीब गाव दुपटीहून जास्त दराने टॅक्स देऊन मुलामागे निम्म्याहून कमी खर्च करू शकत होतं. सेरानो विरुद्ध प्रीस्ट या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये आणि पुन्हा १९७६ मध्ये म्हटलं की मुलाचं शिक्षण त्याच्या शेजाऱ्यांच्या श्रीमंतीवर अवलंबून ठेवता येणार नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९७३ साली टेक्सासच्या रॉड्रिग्ज खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी उलट कौल दिला आणि संघराज्य घटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही असं ठरवलं. तेव्हापासून अमेरिकेत शाळेच्या पैशाचा लढा राज्याराज्यात वेगवेगळा लढला जातो. न्यू जर्सीतले किंवा टेक्सासमधले नातेवाईक "आमच्याकडे असं नाही" म्हणतात, ते खरंच असतं.

सेरानोनंतर दोन वर्षांत प्रपोझिशन १३ आलं, स्थानिक टॅक्स वाढवायची वाट बंद झाली, आणि शाळांचा दोर सॅक्रमेंटोच्या, म्हणजे राज्य सरकारच्या, हातात गेला. १९८८ च्या प्रपोझिशन ९८ ने मग राज्याच्या जनरल फंडातला, म्हणजे मुख्य तिजोरीतला, साधारण ४० टक्के वाटा शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांसाठी राखला. गव्हर्नर 'विक्रमी खर्च' म्हणतात तो बव्हंशी हा आकडा. तो खोटा नसतो. पण त्यात चार वर्षांच्या मुलांचा नवा ट्रान्झिशनल किंडरगार्टनचा वर्ग येतो, सुट्टीतले आणि शाळेनंतरचे वर्ग येतात, २०२२-२३ पासून सगळ्या मुलांना दिलं जाणारं मोफत जेवणही येतं. यातली प्रत्येक गोष्ट मोलाची आहे. तुमच्या मुलीच्या संगीताच्या तासाला मात्र त्यातला एक डॉलर आपोआप लागत नाही.

आता सूत्र. २०१३ साली जेरी ब्राऊन गव्हर्नर असताना आजची पद्धत आली, तिला एलसीएफएफ (लोकल कंट्रोल फंडिंग फॉर्म्युला) म्हणतात. आधी डझनावारी लहान लहान अनुदानं होती आणि प्रत्येकाची वेगळी अट. त्यातली बहुतेक मोडून एक मूळ रक्कम ठरवली. २०२४-२५ साली चौथी ते सहावीच्या मुलामागे ही मूळ रक्कम १०,१७७ डॉलर होती, नववी ते बारावीला १२,१४४. किंडरगार्टन ते तिसरीला १०,०२५ आणि त्यावर वर्ग लहान ठेवण्यासाठी १०.४ टक्के. मूल गरीब घरातलं असेल, इंग्रजी शिकत असेल किंवा फॉस्टर केअरमध्ये (सरकारी देखरेखीखाली, आईवडिलांपासून दूर) असेल, तर त्याच्यामागे २० टक्के जास्त. अशा मुलांचं प्रमाण डिस्ट्रिक्टमध्ये ५५ टक्क्यांच्या वर गेलं, तर ५५ टक्क्यांच्या वर जितकी मुलं असतील तेवढ्यांमागे मूळ रकमेच्या आणखी ६५ टक्के.

हिशेब करून दाखवते. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये अशी मुलं ८० टक्के आहेत, तिथे चौथीच्या मुलामागे सरासरी १३,४५९ डॉलर येतात. जिथे १० टक्केच आहेत तिथे १०,३८०. आपली मराठी कुटुंबं बे एरियात बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या डिस्ट्रिक्टमध्ये राहतात, आणि मग "आमच्या मुलांना कमी का" अशी कुजबुज होते. मला स्पष्ट सांगायचं आहे की हा जादा पैसा योग्य ठिकाणी जातो. ज्या मुलाच्या घरी अभ्यासाला टेबल नाही, त्याला शिकवायला जास्त खर्च येतो. सूत्राची खरी चूक वेगळी आहे. शहर महाग असो की स्वस्त, मूळ रक्कम राज्यभर सारखीच. सेंट्रल व्हॅलीतल्या गावात त्या १०,१७७ मध्ये शिक्षिका घर घेऊ शकेल असा पगार बसतो, तुमच्याकडे तिला भाडंही परवडत नाही. तक्रार करायची तर आमदाराकडे या मुद्द्यावर करा.

सूत्रातली दुसरी गोष्ट थेट आपल्या घराशी संबंधित आहे. राज्य पैसे पटावरच्या मुलांचे देत नाही, हजर मुलांचे देतं. आठ हजार पट असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये सरासरी हजेरी ९४ टक्के असेल, तर ४८० मुलांचे पैसे येतच नाहीत. मुलामागे १० हजार धरले तरी ४८ लाख डॉलर झाले. शिक्षक, दिवे, बस मात्र आठ हजार मुलांचेच लागतात. ताप आला म्हणून घरी राहिलेलं मूलही यात गैरहजरच धरलं जातं.

डिसेंबर-जानेवारीत आपण भारतात जातो. आजीला नातवंडं बघायची असतात, लग्नाचे मुहूर्त तेव्हाच असतात, मी स्वतः माझ्या मुलांना घेऊन अशीच गेले आहे. नाताळाची सुट्टी संपल्यावर आणखी तीन आठवडे मूल तिकडे राहिलं तर १५ दिवस बुडतात. पैशाची मोजणी एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या हजेरीवर होते, तोवर शाळेचे साधारण १३५ दिवस भरतात. १५ दिवस म्हणजे एक नवमांश, चौथीच्या मुलामागे सुमारे ११३० डॉलर. एका शाळेतली पन्नास मुलं अशी गेली तर ५६ हजार. अर्धवेळ संगीत शिक्षिकेचा खर्च यातून निघाला असता. उतरत्या पटाच्या डिस्ट्रिक्टला मागच्या वर्षांची सरासरी वापरायची मुभा आहे, त्यामुळे हा फटका लगेच दिसत नाही, दोन-तीन वर्षांत मुरत जातो.

यावर सोपा उपाय आहे आणि तो बहुतेक पालकांना माहीतच नसतो. निघायच्या दोन-तीन आठवडे आधी शाळेच्या ऑफिसात जाऊन 'इंडिपेंडंट स्टडी' चा करार मागा. शिक्षिका अभ्यास देते, मूल तो तिकडे करतं, परत आल्यावर तपासला जातो, आणि केलेल्या कामाची हजेरी लागते. सगळी डिस्ट्रिक्ट सारख्या उत्साहाने देत नाहीत, तरी मागा. करार सहीनिशी झालाच नसेल तर परत आल्यावर नुसती वही दाखवून उपयोग नाही. आमच्याकडे एका वर्षी तेवीस मुलांच्या वह्या पूर्ण भरलेल्या होत्या आणि करार एकाचाही नव्हता. मी त्या वह्या टेबलावर बघत बसले होते, काही करता आलं नाही.

आता जिमकडे येऊ. माझे वडील सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांच्या कपाटात सादिलची, म्हणजे किरकोळ खर्चाची, वही वेगळी, पोषण आहाराची वेगळी, बांधकामाची वेगळी. एकदा छत गळत होतं, बांधकामाचे पैसे अजून आलेले नव्हते, आणि आहाराच्या खात्यात शिल्लक होती. मी लहानपणी विचारलं, त्यातून का नाही करत? ते म्हणाले, "ते मुलांच्या तोंडातलं आहे, त्याला हात लावायचा नाही." मी या नोकरीला लागले तेव्हा अमेरिकन अकाउंटिंगची पुस्तकं उघडली आणि आत वडिलांचं कपाट निघालं.

जिमचा पैसा जवळजवळ नक्की बाँडचा आहे. २००० सालच्या प्रपोझिशन ३९ नुसार मतदारांच्या ५५ टक्के मतांनी शाळेच्या इमारतींसाठी कर्जरोखे काढता येतात, आणि ते फेडायला तुमच्या टॅक्स बिलावर १ टक्क्याच्या ओळीखाली आणखी एक वेगळी ओळ येते. या पैशातून शिक्षकांचे पगार आणि शाळेचा रोजचा खर्च करता येणार नाही असं राज्याच्या घटनेतच लिहून ठेवलं आहे. दरवर्षी आर्थिक तपासणी आणि कामाची तपासणी, आणि वर किमान सात नागरिकांची देखरेख समिती. डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाने, म्हणजे सुपरिंटेंडंटने, ठरवलं तरी जिमचे पैसे संगीताकडे वळवता येत नाहीत, तो घटनाभंग होईल. डोळ्यांसमोर क्रेन उभी आणि हातात कपातीचं पत्र, हे दृश्य किती बोचतं ते मला माहीत आहे. पण त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

तसंच जेवणाचं. कॅफेटेरियाचा फंड वेगळा, त्यातली शिल्लक वर्गाकडे येत नाही. बिल्डरकडून नव्या घरांमागे घेतलेली फी वेगळी, ती नव्या मुलांसाठी लागणाऱ्या जागेलाच.

केंद्राचा पैसा आणखी काटेकोर. साध्या वर्षात तो एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आतबाहेर असतो, पण त्याच्या अटी नव्वद टक्क्यांइतकं काम करायला लावतात. १९६५ च्या कायद्यातला टायटल वन हा गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांसाठी. त्याचा मुख्य नियम असा की हा पैसा वरची भर म्हणून वापरायचा, राज्याने आणि डिस्ट्रिक्टने करायच्या खर्चाच्या जागी नाही. माझ्या पहिल्या काही वर्षांत एका शाळेने टायटल वनमधून सगळ्या वर्गांसाठी संगणक घेतले. त्या शाळेत हा पैसा ठरावीक निवडलेल्या मुलांवरच खर्च करायचा होता. खरेदीच्या कागदावर सही माझीही होती. ऑडिटमध्ये ते निघालं, रक्कम जनरल फंडातून परत भरावी लागली, आणि त्या वर्षी ग्रंथालयाची पुस्तकं घेतली गेली नाहीत. तेव्हापासून मी कुठल्याही बिलावर आधी पैशाचं नाव बघते, मग रक्कम.

विशेष शिक्षणाबद्दल बोलताना फार जपून बोलावं लागतं, कारण लोक पटकन त्या मुलांकडे बोट दाखवतात. १९७५ च्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलाला योग्य आणि मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि जादा खर्चापोटी देशाच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत केंद्र देईल असं ठरलं. साध्या वर्षांत केंद्र त्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचलेलं नाही. मुलाला सेवा मात्र द्यावीच लागते, "पैसे नाहीत" हे कारण कायद्यात चालत नाही, आणि चालू नये. मग तो फरक डिस्ट्रिक्टच्या खुल्या पैशातून जातो. वचन मोडलं वॉशिंग्टनने. मुलांचा यात काही दोष नाही.

हे सगळे बांधलेले कप्पे बाजूला काढले की उरतो तो खुला पैसा. शिक्षकांचे पगार, विमा, वीज, सफाई, आणि तुमची संगीत शिक्षिका यातूनच. यातले ८० ते ८५ टक्के माणसांवर जातात. शाळा म्हणजे माणसंच, त्यामुळे यात वावगं काही नाही. पण कपात करायची वेळ आली की माणूसच कापावा लागतो, दुसरं काही शिल्लक नसतं. शिक्षकांच्या निवृत्तिवेतनासाठी डिस्ट्रिक्टला २०१३-१४ पर्यंत पगाराच्या ८.२५ टक्के भरावे लागत, आता १९.१० टक्के. राज्याने २०२३-२४ साली मूळ रकमेत महागाईपोटी ८.२२ टक्के वाढ दिली, पुढच्याच वर्षी १.०७. विम्याचे हप्ते कोणासाठी थांबले नाहीत. कोविडमध्ये केंद्राने देशभरातल्या शाळांना तीन टप्प्यांत मिळून सुमारे १९० अब्ज डॉलर दिले, त्यांची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. बऱ्याच डिस्ट्रिक्टनी त्या एकदाच येणाऱ्या पैशातून कायमच्या जागा भरल्या होत्या. आणि वर पट घसरतो आहे, कारण तरुण कुटुंबांना घरं परवडत नाहीत. वर्गातून तीन मुलं कमी झाली तरी वर्ग एक, शिक्षिका एक, खोली एकच राहते, उत्पन्न मात्र तीस हजारांनी उतरतं.

"मग राखीव निधी वापरा ना," हा मीटिंगमधला नेहमीचा आवाज. मध्यम आकाराच्या डिस्ट्रिक्टला खर्चाच्या किमान ३ टक्के राखीव ठेवावेच लागतात. तो साधारण दोन आठवड्यांच्याही आतला पगार असतो. १९९१ साली रिचमंड युनिफाइड डिस्ट्रिक्टचं दिवाळं निघालं, वर्ष संपायच्या आधीच शाळा बंद व्हायची वेळ आली, तेव्हा कायदा झाला. त्यानुसार डिस्ट्रिक्टला चालू आणि पुढच्या दोन वर्षांचा हिशेब काउंटीला दाखवावा लागतो. ओकलंडला २००३ मध्ये राज्याकडून १० कोटी डॉलरच्या कर्जाची सोय करून घ्यावी लागली, बदल्यात निवडून आलेल्या बोर्डाचे अधिकार गेले, आणि ते ओझं उतरायला वीस वर्षांहून जास्त लागली. ज्यांनी हे जवळून पाहिलं ते राखीव निधीला हात लावताना कचरतात. तरीही एखाद्या डिस्ट्रिक्टकडे राखीव १५-२० टक्के असेल आणि तरी संगीत कापलं जात असेल, तर तिथे पालकांनी नक्की जाब विचारावा. माझ्या मते तो अवाजवी साठा आहे.

पत्र फेब्रुवारीतच का आलं? कायद्यानुसार शिक्षकाला पुढच्या वर्षी कमी करायचं असेल तर १५ मार्चपर्यंत नोटीस द्यावी लागते. गव्हर्नरचा पहिला मसुदा १० जानेवारीला येतो, सुधारित मसुदा मेच्या मध्यावर, विधिमंडळ १५ जूनपर्यंत मंजूर करतं. म्हणजे राज्याचे पैसे किती हे कळायच्या तीन महिने आधी कोणाची नोकरी जाणार हे ठरवावं लागतं. यात थोडा धोका टाळण्यासाठी डिस्ट्रिक्ट जास्त नोटिसा काढतात आणि मे-जूनमध्ये काही मागे घेतात. म्हणून तुमच्या शिक्षिकेची जागा अजून वाचू शकते.

आणि इथे एक हत्यार तुमच्याकडे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन २८ मंजूर केलं. शाळांच्या प्रपोझिशन ९८ च्या रकमेच्या १ टक्क्याएवढा पैसा दरवर्षी फक्त संगीत आणि कलांसाठी, आणि तो शाळाशाळांच्या नावाने मोजून दिला जातो. पाचशे किंवा जास्त मुलं असलेल्या डिस्ट्रिक्टने त्यातले किमान ८० टक्के कलाशिक्षक आणि सहायकांच्या पगारावर घालायचे. पण हाही पैसा वरची भर म्हणूनच. आधी खुल्या पैशातून चालणारी संगीताची जागा बंद करायची आणि तीच या पैशातून पुन्हा भरायची, हे कायद्याला धरून नाही. त्यामुळे दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा. आमच्या शाळेच्या नावाने प्रॉप २८ चे किती आले आणि त्यातून संगीताचे कोणते तास नव्याने वाढले? आणि जी जागा जाते आहे तिचा पगार आजवर कोणत्या रिसोर्स कोडमधून निघत होता?

रिसोर्स कोड हा शब्द लक्षात ठेवा. राज्यातल्या ९०० हून जास्त डिस्ट्रिक्टचे हिशेब एकाच पद्धतीच्या आकड्यांत लिहिले जातात. ०००० म्हणजे खुला पैसा, ३०१० टायटल वन, ६५०० विशेष शिक्षण, ६७७० प्रॉप २८. त्याच ओळीत पुढे खर्चाचा प्रकार असतो, १००० च्या घरात शिक्षकांचे पगार, ४००० मध्ये पुस्तकं आणि साहित्य, ५००० मध्ये बाहेरच्या सेवा आणि कंत्राटं. "संगीताला पैसे का नाहीत" असं कोणी विचारलं की आम्ही ऑफिसवाले तयार वाक्य देतो. "०००० मधल्या ५८०० वर, म्हणजे सल्लागार आणि कंत्राटांवर, गेल्या तीन वर्षांत किती गेले?" असं विचारलं की टेबलाच्या या बाजूला खुर्च्या सरळ होतात. मी त्या बाजूला बसलेली आहे.

देणगीचं आता थोडक्यात. शाळा तुमच्याकडून फी घेऊ शकत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली हार्टझेल खटल्यात हे ठरवलं, अगदी वर्गाबाहेरच्या संगीत-नाटकासाठीसुद्धा, आणि २०१२ च्या कायद्याने त्याला तक्रारीची सोय जोडली. दिली नाही म्हणून तुमच्या मुलीला सहलीतून किंवा बँडमधून वगळता येत नाही. तुम्हाला झेपत असेल तर मी म्हणेन द्या, आणि नोकरीतून मॅचिंग, म्हणजे तुमच्या देणगीवर कंपनीची भर, मिळतं का बघा. पण देण्याआधी विचारा की हा पैसा एकाच शाळेत राहतो की डिस्ट्रिक्टभर वाटला जातो. एका शाळेच्या पालकांनी दोन लाख जमवायचे आणि फ्रीवेपलीकडच्या शाळेने दोन हजार, हे पुन्हा बेव्हर्ली हिल्स आणि बाल्डविन पार्कच आहे, फक्त एका डिस्ट्रिक्टच्या आत. जी फाउंडेशन सगळ्या शाळांना वाटून देतात, त्यांना मी आजही देते.

तुमच्यापैकी बरेच जण अजून एच-वन किंवा ग्रीन कार्डवर आहात, म्हणजे पार्सल टॅक्सवर मत देता येणार नाही. (पार्सल टॅक्स म्हणजे जमिनीच्या प्रत्येक तुकड्यामागे ठरावीक रक्कम, बहुधा दोनतृतीयांश मतं लागतात, आणि त्यातून पगार देता येतो. तुमच्या बिलावर तशी ओळ आहे का बघा, असली तर तिची मुदत कधी संपते तेही.) पण बोर्डासमोर बोलायला नागरिकत्व लागत नाही. एलसीएपी नावाचा जो तीन वर्षांचा खर्चाचा आराखडा डिस्ट्रिक्ट करतं, त्याच्या पालक समितीवर बसायलाही लागत नाही, शाळेच्या साइट कौन्सिललाही (शाळेतल्या पालक-शिक्षकांच्या समितीला) नाही. मी एकवीस वर्षांत त्या समित्यांवर आपली माणसं बोटांवर मोजण्याइतकी पाहिली, आणि देणग्यांच्या यादीत पानंच्या पानं.

जूनच्या मीटिंगला सगळे येतात, कारण तेव्हा बजेट मंजूर होतं. तोवर सगळं ठरलेलं असतं. तुम्ही मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातल्या मीटिंगला जा, तेव्हा दुसरा अंतरिम अहवाल, म्हणजे चालू वर्षाच्या मधला हिशेब, आणि नोटिसांचा ठराव दोन्ही बहुधा विषयपत्रिकेवर असतात. नियमित मीटिंगची विषयपत्रिका ७२ तास आधी लावणं बंधनकारक आहे, सोबत अहवालाची पीडीएफ असते. त्यात 'मल्टीइयर प्रोजेक्शन' (पुढच्या वर्षांचा अंदाज) नावाचं पान शोधा, दोन वर्षांनंतरची शिल्लक वाचा. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, म्हणून प्रश्न लिहून न्या आणि त्याच रात्री तो बिझनेस ऑफिसला ईमेल करा. ईमेल हा कागद असतो, त्याची नोंद राहते. मुलीला सोबत नेलंत तर ती काय वाजवते ते तिलाच सांगू द्या. तेवढं बोर्डातले सगळे ऐकतात.